चव्वेचाळीस नोटा

बार्शीतल्या त्या घरावर पाटी नव्हती. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, तिथे नर्सिंग शिकणाऱ्या बाया राहतात. खरं म्हणजे तिथे नवऱ्याच्या, सासरच्या, कधी बापाच्याही मारातून सुटून आलेल्या बायका राहत. कधी सात, कधी बारा, सोबत त्यांची मुलं. घर चालवायच्या नसीम तांबोळी. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, निवृत्त झाल्यावर त्यांनी हे सुरू केलं. सगळे त्यांना आपा म्हणत.

आपांचे नियम थोडे होते, पण त्यांत सूट नव्हती. फोन फाटकाशीच जमा करायचा, बाहेर पडताना परत घ्यायचा. आणि सगळा व्यवहार रोखीनं. फोनवरून दुधाचे पैसे दिले तरी कुठेतरी नोंद होते, आणि ज्याला शोधायचंच आहे तो ती नोंद मिळवतो, हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या. बाजारात तोवर रोख देणारं गिऱ्हाईक कमी झालं होतं, पण नोटा चालत होत्या. "नोटेला तोंड नसतं," आपा म्हणायच्या.

सारिका काशीद तिथे सहा वर्षं स्वयंपाकाला होती. बाजारहाटही तीच करायची. नवरा गेलेला, एकुलती मुलगी सोलापूरला नर्सिंग शिकायला. फाटकाच्या कुलपाची एक किल्ली आपांकडे आणि दुसरी सारिकाकडे असायची. आपांचा तिच्यावर तेवढा विश्वास होता.

त्या वर्षी बाजारात 'नोटवाट' आलं.

नोटेचा कागद कापसाचा असतो. कापसाचा लगदा जाळीवर पसरताना त्यातले तंतू कसे पडतील, हे कुणाच्याच हातात नसतं. त्यामुळे एकामागोमाग छापलेल्या दोन नोटांचीही आतली वीण सारखी नसते. ही गोष्ट जुनीच, पण ती पाहायला प्रयोगशाळा लागायची. फोनची नवी भिंगं आली आणि ती वीण कुणालाही टिपता येऊ लागली. नोटेवरचा आकडा पुसला, कोपरा फाटला, वर हळद सांडली, तरी नोट ओळखू यायची. 'नोटवाट' चालवणाऱ्या कंपनीनं याचा धंदा केला. हातात आलेली नोट फोनपुढे धरायची, की ती तुमच्या नावावर नोंदली जाई. पुढे ती नोट दुसऱ्या कुणी नोंदवली, की तुम्हाला काही पैसे मिळत. नोट लांबून आलेली असली तर जास्त. आणि तुम्ही नवा माणूस जोडून दिला, तर त्याच्या प्रत्येक नोंदीतला दहावा हिस्सा तुमचा. कंपनीला यात काय मिळतं, हे विचारणारे फार नव्हते. रोकड कुठून कुठे जाते हे जाणून घ्यायला दुकानांच्या मोठ्या साखळ्या, विमावाले, सावकारी संस्था पैसे मोजायला तयार होत्या.

सारिका आपांचा नियम पाळायची. घरात फोन तिनं कधीच नेला नाही. बाजारात गिरणीच्या पायरीवर बसून, पिशवी मांडीवर ठेवून ती आपांनी दिलेल्या नोटा एकेक फोनपुढे धरायची आणि मगच खर्च करायची. आपल्या वागण्यात काही चूक आहे असं तिला वाटलं नाही. नोटा जागेवर होत्या, हिशेब चोख होता. तिनं माणसंही जोडली. गिरणीवाले मुरलीधर, दूधवाला, औषधाच्या दुकानातला पोरगेला मालक, भाजीवाली हौसाबाई. अशी सतरा जणं.

"वैनी, ह्यात पाप न्हाई ना काही?" मुरलीधरनं विचारलं होतं.

"नोटेचा फोटो काढण्यात कसलं पाप? नोट काय रडती का?" सारिका म्हणाली होती. वर्षभरात मुलीच्या मेसचा खर्च त्यातून निघू लागला.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ऋतुजा वाघचौरे आली. नाशिकची. शाळेत गणित शिकवायची. सोबत सहा वर्षांची ओवी. ऋतुजाच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. ती कशी मोडली हे तिनं सांगितलं नाही आणि त्या घरात कुणी विचारतही नसे. नवऱ्याची गॅसची एजन्सी होती. निघताना तिनं त्याच्या कपाटातून मिळतील तेवढ्या नोटा उचलल्या होत्या. पाचशेच्या चव्वेचाळीस.

"हे घरखर्चाला घ्या," तिनं आपांना सांगितलं. "मी फुकट खाणार नाही."

आपांनी नको म्हणून पाहिलं, मग वहीत लिहून घेतले. त्या नोटा पुढच्या दोन महिन्यांत सारिकाच्या हातून बाजारात गेल्या. एकेक नोट फोनपुढे धरली, की पडद्यावर अक्षरं उमटत. 'मागची नोंद: नाशिक.' लांबची नोट म्हणून पैसेही बरे मिळत. नाशिक हा शब्द सारिकानं चव्वेचाळीस वेळा वाचला. ऋतुजा नाशिकची, हेही तिला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहिल्या.

ऋतुजा तिला स्वयंपाकात मदत करायची. बोटं वाकत नसल्यामुळे भाकरी थापता यायची नाही, पण भाजायला बसायची. ओवी ओट्याखाली बसून कोथिंबीर निवडायची आणि सारिकाला मावशी म्हणायची. सारिकाची मुलगी लांब, त्यामुळे तिला त्या दोघींचा लळा लागला. ऋतुजानं तिला सहावीतच सुटलेले अपूर्णांक शिकवले. सारिकानं तिला शेंगदाण्याची चटणी उखळात कुटायला शिकवली. एक दिवस ऋतुजा मोठ्यानं हसली, तेव्हा बाहेर कपडे वाळत घालणाऱ्या आपा दारात येऊन बघून गेल्या.

एप्रिलमध्ये पेपरात बातमी आली. ऋतुजा तव्यापाशी बसून वाचत होती.

"सारिकाताई, हे वाचलंत का? त्या नोटवाटवाल्यांनी नवीन सोय काढलीये. 'उगम' म्हणे. तुमच्या नोटा चोरीला गेल्या, तर त्या सध्या कुठून खर्च होतायत हे पैसे भरून विचारता येणार."

सारिकाचा पिठातला हात थांबला. "पण नोट तर फिरत असती. आज हितं, उद्या पंढरपूर. कुठून निघाली ते कसं कळणार?"

"एका नोटेवरून नाहीच कळणार." ऋतुजानं पाटावर पिठाचं बोट टेकवून ठिपका काढला, मग दुसरा, तिसरा, आठदहा. "समजा, तुमच्या ओट्यावर मुंग्या झाल्या. एक इथे दिसली, एक तिथे, एक खिडकीशी. कुठली किती वाजता दिसली हे तुम्ही लिहून ठेवलंत. एका मुंगीवरून वारूळ सापडत नाही. पण चाळीस मुंग्या असल्या, तर कागदावर गणित मांडून सांगता येतं, की भोक या फरशीखाली आहे. मुंगी कुठेही जाईना का, सुरुवातीला ती वारुळाच्या जवळच फिरते. पैशाचंही तसंच. माणूस पीठ, दूध, औषध घराजवळच घेतो."

"आणि कुणी नोटा नोंदवल्याच नाहीत तर?"

"मग काहीच कळणार नाही. त्यासाठी आजूबाजूला नोंदवणारी माणसं पाहिजेत." ऋतुजानं भाकरी उलटली. "बरं झालं आपल्याकडे फोन नसतो ते."

पाटावरचे ठिपके सारिकाला दिसत होते. गिरणी, दूध, औषधाचं दुकान, हौसाबाईची हातगाडी. ते सगळे तिनंच बसवलेले होते. त्याच वेळी सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. मग तिला आपांचा चेहरा आठवला, सोलापूरची मेस आठवली, आणि तिनं पुढचा उंडा हातात घेतला.

"पाणी घाल गं थोडं पिठात," ती म्हणाली.

त्यानंतर तीन दिवसांनी तिच्या खात्यात एकदम अकराशे चाळीस रुपये आले. एवढे कधीच आले नव्हते. खाली ओळ होती: 'तुमच्या ४४ नोटांचा शोध घेतला गेला. शोधशुल्कातील तुमचा वाटा जमा.' ती गिरणीच्या पायरीवर बसून होती. आत जातं घरघरत होतं. चव्वेचाळीस हा आकडा तिनं पुन्हा वाचला.

तिनं खातं बंद केलं. पडद्यावर आलं की खातं बंद झालं, जुन्या नोंदी मात्र कायम राहतील. फोन पिशवीच्या तळाशी घालून ती घरी गेली.

चार दिवस ती गप्प राहिली. रोज सकाळी वाटायचं, आज आपांना सांगू. आपा एकतर बाळंतपणाला आलेल्या मुलीपाशी असायच्या, नाहीतर कुणाच्या तरी वकिलाशी बोलत. मग वाटायचं, चोरीच्या नोटा म्हणून पोलीस शोधत असतील, येऊन विचारून जातील. मग वाटायचं, काहीच होणार नाही. या चार दिवसांत घर हलवता आलं असतं. हे तिला नंतर कुणी सांगावं लागलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ती दळण घ्यायला गेली, तर गिरणीपाशी एक माणूस उभा होता. चाळिशीच्या आतला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात लहान मुलीची गुलाबी पाण्याची बाटली. मुरलीधर त्याला म्हणाला, "ह्याच त्या सारिकावैनी," आणि डबे उचलायला आत गेला.

"नमस्कार ताई," तो माणूस म्हणाला. आवाज इतका सौम्य, की सारिकाला त्यानं पत्ता विचारायला थांबवलंय असं वाटलं. "मी प्रसन्न वाघचौरे. तुमचे आभार मानायला आलो."

"मी तुम्हाला वळखत न्हाई."

"बरोबर आहे. माझ्या चव्वेचाळीस नोटांवर तुमचं नाव होतं. प्रत्येकीवर. आमच्या एजन्सीतलं नोटा मोजायचं मशीन सगळं नोटवाटवर नोंदवून ठेवतं, त्यामुळे काम सोपं झालं." त्यानं गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. "ते निळ्या फाटकाचं घर ना? तीन घरांपर्यंत आकडेमोडीनं आणलं होतं. पाण्याच्या टाक्या बघून मी ओळखलं. एवढ्या टाक्या कुणाच्या घरावर नसतात."

"तिथं नर्सिंगच्या मुली राहत्यात."

"असतील." तो हसला नाही, रागावलाही नाही. "ऋतुजाला सांगा, मी स्टँडसमोरच्या लॉजवर आहे. उद्या अकरापर्यंत यावं. मी आत शिरणार नाही, तमाशा करणार नाही. पण ती आली नाही, तर हा पत्ता मी आमच्या ग्रुपवर टाकीन. बायका निघून गेलेल्या नवऱ्यांचा ग्रुप आहे. चारशे जण आहेत. त्यांतल्या काहींच्या बायका इथेच असतील, काय सांगावं. सगळेच माझ्यासारखे शांत नाहीत."

त्यानं गुलाबी बाटली तिच्या पिशवीत ठेवली. "ओवीची राहिली होती."

सारिकानं घरी जाऊन सगळं सांगितलं. आपांच्या खोलीत, आपा आणि ऋतुजा दोघींसमोर. मध्ये थांबली नाही. मेसचे पैसे, सतरा माणसं, नाशिक, अकराशे चाळीस, चार दिवस. आपा उभ्याच होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "चार दिवस?"

"हो."

आपांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फोन हातात घेतला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी जिथे जिथे शक्य होतं तिथे विचारलं. चौकीतला हवालदार म्हणाला, माणूस रस्त्यावर उभा राहिला तर गुन्हा होत नाही, आणि धमकी दिली याला पुरावा काय. दुसऱ्या जिल्ह्यातलं एक तसलंच घर सगळ्यांना घ्यायला तयार झालं, पण गाडी परवा येणार होती. बाळंत होऊन तीनच दिवस झालेली मुलगी लगेच हलवण्याजोगी नव्हती. तिचा भाऊ कोयता घेऊन तिला शोधत फिरत होता. बाकीच्या बायकांना कळलं तेव्हा कुणी आरडाओरडा केला नाही. त्या आपापली बोचकी बांधू लागल्या. बांधून झाल्यावर त्यांवर बसून राहिल्या.

ऋतुजा सारिकाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती स्वयंपाकघरात आली आणि रोजच्या जागी बसली.

"आपा कुठेत?"

"परत चौकीवर गेल्यात. मोठ्या साहेबांना भेटायला."

"म्हणजे बारापर्यंत येत नाहीत." ऋतुजानं ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला. "हा आपांना द्या. ओवीला मी त्यांच्या ताब्यात दिलंय असं लिहून सही केलीये. दोन बायकांच्या सह्या घेतल्यात साक्षीला. त्याला मी पाहिजे, ताई. मी गेले की तो दोन आठवडे तरी खूश असतो. तेवढ्यात तुम्ही ओवीला आणि सगळ्यांना लांब न्या."

"जाऊ नको," सारिका म्हणाली. "त्यो पत्ता टाकायचा तर टाकू दे. आपा करतील काहीतरी."

"त्या काय करतील? वर ती पोर झोपलीये, चार दिवसांचं बाळ घेऊन." ऋतुजाचा आवाज चढला नाही. "अकरा बायका आहेत. मी रात्रभर दुसरं उत्तर शोधत होते. नाहीये. मला फाटक उघडून द्या."

सारिकाच्या कमरेला किल्ली होती. तिला नाही म्हणता आलं असतं. ती फाटकाला पाठ लावून उभी राहू शकत होती, आरडाओरडा करून बाकीच्यांना बोलावू शकत होती. पुढे पुष्कळ वेळा तिनं स्वतःला विचारलं, की किल्ली दिली ती त्या अकरा जणींसाठी, की आता हे संपेल, एकदाचं संपेल, असं वाटलं म्हणून. तिला ठरवता आलं नाही.

ओवी मागच्या अंगणात दुसऱ्या मुलांबरोबर खेळत होती. ऋतुजा तिकडे गेली नाही. गेली असती तर निघणं जमलं नसतं. तिनं पदर नीट केला, चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर पडली. सारिका गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्यामागे गेली. ऋतुजानं मागे वळून हातानंच परत जा अशी खूण केली. न वाकणारी दोन बोटं सरळ राहिली.

आपा आल्या तेव्हा साडेबारा वाजले होते. कागद वाचून त्या लॉजवर धावत गेल्या. खोली रिकामी होती. मालक म्हणाला, नवरा-बायको होते, गाडीतून गेले, बाई स्वतःच्या पायांनी बसली.

प्रसन्ननं शब्द पाळला. पत्ता कुठेही आला नाही. दुसऱ्या दिवशी घर हललं. नवीन ठिकाणी सारिकाला नेलं नाही. आपा तिला फक्त म्हणाल्या, "तुझा पगार पोचेल." आपांनी नाशिकच्या दोन वकिलांना, एका महिला अधिकाऱ्याला ऋतुजाच्या मागे लावलं. ती अधिकारी दोनदा घरी जाऊन आली. दोन्ही वेळा ऋतुजानं दारातूनच सांगितलं, की ती आपल्या मर्जीनं राहते आहे.

नवव्या आठवड्यात बातमी आली. गॅस एजन्सीच्या मालकाच्या घरी सिलिंडरचा भडका, पत्नीचा मृत्यू. सिलिंडर विकणाऱ्याच्या घरात सिलिंडर फुटला, याचं लोकांना नवल वाटलं, तेवढंच.

आपांनी फिर्याद दिली. चौकशी लागली, तेव्हा सारिका न बोलावता हजर झाली. तिनं फोन दिला, सगळ्या नोंदी दाखवल्या, गिरणीपाशी झालेलं बोलणं शब्दाशब्दानं सांगितलं. कंपनीचा वकील म्हणाला, आम्ही नोटा शोधतो, माणसं शोधत नाही. बाईंनी आमच्या अटी वाचून मान्य केल्या होत्या. अधिकाऱ्यानं विचारलं, "नोंदवायला तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली होती का?" सारिका नाही म्हणाली. तिच्या साक्षीवरून प्रसन्नला अटक झाली आणि सव्वा महिन्यानं जामीन मिळाला. खटला उभा राहायला अजून किती वर्षं लागतील, हे कुणी सांगू शकत नव्हतं. बार्शीच्या बाजारात 'नोटवाट' चालूच राहिलं. मुरलीधरनं मात्र ते काढून टाकलं आणि सारिकाला दळण देताना तो तिच्याकडे बघेनासा झाला.

पावसाळा संपताना आपांचा निरोप आला. एका तालुक्याच्या गावातल्या शाळेत यायचं, दुपारच्या सुट्टीत. कुठल्या ते इथे सांगत नाही.

आपा पटांगणाच्या कडेला बाकावर बसल्या होत्या. वाळल्या होत्या.

"ओवीला एवढंच माहीत आहे की बाबा येऊन आईला घेऊन गेले आणि आई वारली," त्या म्हणाल्या. "रोज विचारते, बाबा आले कसे. मी सांगू शकते. पण मी सांगणार नाही. तू सांगायचं."

"आपा, सात वर्षांची हाय ती."

"म्हणूनच. मोठी झाल्यावर दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर ती कुणावरच विश्वास ठेवणार नाही."

ओवी वर्गातून आली. उंच झाली होती, केस कापलेले. "मावशी," म्हणून ती सारिकाला येऊन चिकटली आणि बाकावर तिच्या शेजारी बसली. सारिकानं तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली होती. ओवीनं डबा उघडून बोटानं चाटली.

"मावशी, आम्ही लपलो होतो ना?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. "आई म्हणायची, हे घर कुणालाच सापडत नाही. मग बाबांना कुणी सांगितलं?"

सारिकाकडे उत्तरं होती. कापसाच्या तंतूंचं, भिंगांचं, मुंग्यांच्या गणिताचं. ती सगळी खरी होती. तिनं आपांकडे पाहिलं. आपा पटांगणाकडे बघत होत्या.

"मी," सारिका म्हणाली. "मी पैशांसाठी एक काम करत होते. त्यातून त्यांना कळलं. आणि कळलंय हे मला समजल्यावर मी चार दिवस कुणालाच सांगितलं नाही."

ओवी डब्यात बघत राहिली. तिला सगळं कळलं का, हे सारिकाला कळेना. मग ओवीनं झाकण लावलं, नीट दाबून लावलं, आणि डबा बाकावर दोघींच्या मध्ये ठेवला. ती उठली आणि आपांच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत ती तिथेच बसून होती.